सहभागातून मवाळपणा (राजकीय संकल्पना)

धर्माच्या नावावर सगळी व्यवस्थाच बदलायला निघालेली एखादी कडवी चळवळ इलेक्शनच्या राजकारणात उतरली की हळूहळू मवाळ होते का, या प्रश्नावर पॉलिटिकल सायन्सवाल्यांनी जो सिद्धांत मांडलाय त्याला ढोबळमानाने सहभागातून मवाळपणा म्हणता येईल. दावा साधा आहे: त्यांना आत घ्या, मतं मागायची सवय लागू द्या, मग धार आपोआप कमी होते, उलट बंदी घालून बाहेर ठेवलं तर आणखी कडवे होतात. ऐकायला एकदम पटतं आणि काही देशांत तसं झालंही आहे. पण जिथे झालं तिथे ते इलेक्शन लढवल्यामुळे झालं की एकट्याच्या जिवावर सत्ता मिळत नव्हती म्हणून झालं, यावर खरा वाद आहे, आणि खालची उदाहरणं एकामागून एक बघितली तर पारडं बऱ्यापैकी दुसऱ्या बाजूला झुकतं.

मवाळ होणं म्हणजे नेमकं काय हेही आधी बघायला हवं, कारण इथेच बरेच लोक गोंधळतात. एक असतो वागण्यातला मवाळपणा, म्हणजे हिंसा सोडणं, कायदा पाळणं, हरल्यावर गुपचूप घरी जाणं, दुसऱ्या पार्ट्यांशी सीट वाटून घेणं. दुसरा विचारातला, म्हणजे वेगळ्या धर्माचा माणूस, बाई, नास्तिक, हे सगळे आपल्याइतकेच हक्काचे नागरिक आहेत हे मनापासून मान्य करणं. पहिला आला की मागोमाग दुसरा येतो असं सिद्धांत गृहीत धरतो, पण पहिला येऊन कित्येक वर्षं झाली तरी दुसऱ्याचा पत्ता नाही अशी उदाहरणं ढिगाने आहेत.

मूळ कुठलं

गंमत म्हणजे हा विचार धार्मिक चळवळींसाठी जन्मलाच नव्हता. जर्मनीतली सोशल डेमोक्रॅटिक पार्टी क्रांती करायला निघाली होती आणि बघता बघता ऑफिसं, पगारी कार्यकर्ते, खासदार, पेपर असा मोठा संसार थाटून बसली, मग तो संसार मोडायची भीती क्रांतीपेक्षा मोठी झाली, हे रॉबर्ट मिशेल्सने 1911 साली लिहून ठेवलं. त्याने ते तक्रारीच्या सुरात लिहिलं होतं, पुढच्या पिढीने तीच गोष्ट आशेच्या सुरात वाचली.

धर्माच्या बाजूचं जुनं उदाहरण म्हणजे युरोपातले कॅथलिक. आज ख्रिश्चन डेमोक्रॅट म्हटलं की टाय घातलेले कंटाळवाणे मध्यममार्गी नेते डोळ्यांसमोर येतात, पण एकोणिसाव्या शतकात लिबरल लोकांना कॅथलिक राजकारणाची जी धास्ती होती ती आजच्या इस्लामी पार्ट्यांबद्दलच्या धास्तीपेक्षा फार वेगळी नव्हती. पोप पायस नववा याने तर इटलीतल्या कॅथलिकांना राष्ट्रीय निवडणुकीत भाग घ्यायलाच मनाई केली होती, आणि ती पूर्णपणे उठली 1919 मध्ये, त्याच वर्षी लुइजी स्टुर्झो नावाच्या पाद्र्याने पीपल्स पार्टी काढली. जर्मनीत बिस्मार्कने 1870 च्या दशकात कॅथलिक चर्चवर कायद्यांचा मारा केला तरी त्यांची सेंटर पार्टी मोडली नाही, उलट वाढली. बेल्जियममध्ये शाळांवरून मोठं भांडण झालं आणि 1884 मध्ये कॅथलिक पार्टी चक्क निवडून आली, लोकशाही मात्र बुडाली नाही. म्हणजे सिद्धांताच्या बाजूने बोलायला चांगला दाखला आहे. फक्त एक फरक लक्षात ठेवावा लागतो: कॅथलिकांच्या डोक्यावर एक पोप होता, आणि रोममधला निरोप आणि इथलं मतपेटीचं गणित जुळेना तेव्हा पार्टीला हळूहळू त्याच्यापासून अंतर ठेवण्यात फायदा दिसला. सुन्नी इस्लाममध्ये किंवा हिंदू संघटनांमध्ये असा एक पोप नाहीच.

ट्युनिशिया: सगळ्यांचं आवडतं उदाहरण

या विषयावर कोणीही बोलायला लागलं की दुसऱ्या-तिसऱ्या मिनिटाला एन्नाहदा या ट्युनिशियातल्या इस्लामी पार्टीचं नाव येतंच. 1981 मध्ये इस्लामी प्रवृत्तीची चळवळ अशा नावाने ती उघडपणे समोर आली, 1989 ला नाव बदलून एन्नाहदा झाली, त्या वर्षीच्या निवडणुकीत तिचे लोक अपक्ष म्हणून उभे राहिले, आणि मतं बरी पडताहेत म्हटल्यावर हुकूमशहा बेन अलीच्या सरकारने हजारोंना जेलमध्ये टाकलं. नेता राशिद घन्नूशी साधारण दोन दशकं परदेशात, बराचसा काळ लंडनमध्ये, राहिला आणि राज्यक्रांती झाल्यावर 30 जानेवारी 2011 ला परतला. ऑक्टोबर 2011 च्या निवडणुकीत पार्टीला 217 पैकी 89 सीट मिळाल्या.

मग जे झालं ते खरंच वाचण्यासारखं आहे. 2012 च्या मार्चमध्ये पार्टीने सांगून टाकलं की राज्यघटनेत शरियतचा उल्लेख मागणार नाही, देशाचा धर्म इस्लाम एवढंच सांगणारं जुन्या घटनेतलं पहिलं कलम आहे तसं चालेल. त्याच उन्हाळ्यात घटनेच्या मसुद्यात बाई ही पुरुषाला ‘पूरक’ अशा अर्थाचं वाक्य आलं, बायका रस्त्यावर उतरल्या, ते वाक्य काढावं लागलं. 2013 मध्ये शोक्री बेलाईद आणि मोहम्मद ब्राहमी या दोन डाव्या विरोधी नेत्यांचे खून झाले, देश पेटायच्या बेतात होता, कामगार संघटना, उद्योजकांची संघटना, वकील आणि मानवी हक्कवाले अशा चौघांनी मध्यस्थी केली (त्यांना 2015 चं शांततेचं नोबेल मिळालं), आणि जानेवारी 2014 मध्ये नवी घटना मंजूर होण्याच्या सुमारास एन्नाहदाने निवडून आलेलं असूनही सरकार सोडलं. 2016 च्या अधिवेशनात तर धर्मप्रसाराचं काम आणि राजकारण वेगळं केलं आणि आम्ही आता मुस्लिम डेमोक्रॅट, असं जाहीर केलं.

झालं की नाही सिद्ध? तर नाही. एक म्हणजे बराचसा मवाळपणा 2011 च्या आधीच आला होता, जेव्हा पार्टीला निवडणुकीच्या जवळही फिरकू देत नव्हते. 2005 मध्येच घन्नूशीचे लोक सेक्युलर विरोधकांसोबत एका आघाडीत बसले होते, जेल आणि परदेशातली वर्षं यातूनच त्यांचं मत बदललं. फ्रान्चेस्को काव्हातोर्ता आणि फाबिओ मेरोने या दोन अभ्यासकांनी 2013 मध्ये म्हणूनच उलटा प्रश्न टाकला, की हा मवाळपणा बाहेर ठेवल्यामुळे तर आला नाही ना. (यावरून कोणी जेल हा चांगला उपाय आहे असा निष्कर्ष काढू नये, अल्जीरियाचं पुढे येतंच आहे.) दुसरं म्हणजे 2013 चा उन्हाळा. जवळच्या इजिप्तमध्ये लष्कराने निवडून आलेल्या इस्लामी राष्ट्राध्यक्षाला कसं हटवलं (ते पुढे येतंच) हे ट्युनिसमध्ये सगळ्यांनी टीव्हीवर बघितलं होतं, आणि आपलंही तेच होईल ही भीती त्या राजीनाम्यामागे होती हे नाकारता येत नाही. आणि तिसरं, 2018 मध्ये राष्ट्राध्यक्ष एसेब्सी यांनी मुलीला वारशात मुलाइतकाच वाटा देणारा कायदा पुढे आणला तेव्हा याच मुस्लिम डेमोक्रॅट पार्टीने विरोध केला. म्हणजे सरकार सोडता आलं, वारसाहक्क सोडता आला नाही.

मतांचं गणित

माझ्या मते या अख्ख्या वादातली सगळ्यात बोलकी तुलना ट्युनिशिया आणि टर्की यांची आहे, आणि ती विचारांची नाही, आकड्यांची आहे. एन्नाहदाला 2011 मध्ये 37 टक्के मतं पडली आणि सभागृहात 41 टक्के जागा आल्या, कारण तिथली पद्धत प्रमाणशीर, म्हणजे मतांच्या प्रमाणात जागा देणारी होती आणि मोठ्या पार्टीला फुकटचा बोनस मिळत नव्हता. झक मारत दोन सेक्युलर पार्ट्यांना सोबत घ्यावं लागलं. टर्कीत 2002 च्या नोव्हेंबरमध्ये एर्दोआनच्या एके पार्टीला मतं पडली 34 टक्के, म्हणजे एन्नाहदापेक्षा कमीच, पण 10 टक्क्यांहून कमी मतं पडलेल्या पार्टीला जागाच नाही या अटीमुळे बाकीच्या बहुतेक पार्ट्या सभागृहाच्या बाहेर राहिल्या आणि यांना 550 पैकी 363 जागा मिळाल्या. एकाला रोज कोणाची तरी मनधरणी करावी लागली, दुसऱ्याला पहिल्या दिवसापासून कोणाची गरजच नव्हती. आता सांगा, इस्लामचा कोणता अर्थ कोण लावतं याने फरक पडला की निवडणूक कायद्याने?

टर्कीचा आधीचा प्रवासही बघायला हवा. नेजमेत्तिन एर्बाकानने 1970 पासून पार्ट्या काढायच्या आणि कोर्टाने किंवा लष्कराने त्या बंद करायच्या असं चक्र चालू होतं. 1974 मध्ये त्याने डाव्या एजेविटसोबत सरकार केलं, 1996 मध्ये स्वतः पंतप्रधान झाला, 28 फेब्रुवारी 1997 ला लष्कराने दम दिला, काही महिन्यांत त्याला जावं लागलं, 1998 मध्ये त्याची रेफाह पार्टी बंद, तिच्या जागी आलेली फजीलेत 2001 मध्ये बंद. त्यातूनच तरुण गट फुटून एके पार्टी निघाली, आणि आम्ही इस्लामी नाही, कन्झर्वेटिव्ह डेमोक्रॅट आहोत, युरोपियन युनियनमध्ये जायचंय, असं म्हणू लागली. सगळ्या जगाने टाळ्या वाजवल्या. पण तेव्हा डोक्यावर लष्कर होतं, कोर्ट होतं (2008 मध्ये पार्टी बंद करायची केस झाली तेव्हा 11 पैकी 6 जज बंदीच्या बाजूने होते, लागत होते 7, म्हणजे एका मताने वाचली) आणि युरोपियन युनियनमध्ये जायची लालूच होती. हे तिन्ही दाब गेल्यावर काय झालं ते माहितीच आहे, 2013 ची गेझी पार्कची निदर्शनं चिरडली, 2017 च्या सार्वमतात राष्ट्राध्यक्षाच्या हातात सगळी सत्ता आली, 2020 ला इस्तंबूलचं आयासोफ्या म्युझियम पुन्हा मशीद झालं. यात धर्म किती आणि साधी सत्तेची हाव किती हे वेगळं काढणं अवघड आहे, आणि खरं तर सिद्धांताची हीच मोठी अडचण आहे, की कडवेपणा फक्त धर्मातूनच येतो असं तो धरून चालतो.

इजिप्त

मुस्लिम ब्रदरहूड हसन अल-बन्नाने 1928 मध्ये इस्माइलियात काढली. राष्ट्राध्यक्ष मुबारकच्या काळात ती बेकायदा पण सहन केलेली अशा अवस्थेत होती, लोक कधी वफ्द पार्टीच्या तर कधी लेबर पार्टीच्या आधाराने, कधी अपक्ष म्हणून उभे राहायचे. मुद्दाम कमी जागा लढवायच्या, म्हणजे सरकार घाबरणार नाही, हे धोरणच होतं. 2005 मध्ये 88 सीट आल्या. या सगळ्या वर्षांत संघटनेतल्या एका पिढीला वकील-डॉक्टरांच्या संघटना चालवताना सेक्युलर लोकांशी जमवून घ्यायची सवय लागली, त्यांच्यातले काही 1996 मध्ये फुटून वसत पार्टी काढायला निघाले, म्हणजे सहभागाने माणसं बदलली हे खरंय, पण बदललेली माणसं संघटनेत राहिली नाहीत! मागे उरले ते शिस्तीचे, गुप्ततेची सवय असलेले. 2007 मध्ये पार्टीच्या कार्यक्रमाचा मसुदा बाहेर आला त्यात बाई आणि ख्रिश्चन राष्ट्राध्यक्ष होऊ शकत नाहीत आणि कायदे तपासायला उलेमांचं, म्हणजे धर्मपंडितांचं मंडळ, असं सगळं होतंच.

2011 नंतर आधी म्हणाले अर्ध्यापेक्षा कमी जागा लढवू, राष्ट्राध्यक्षपदाला उमेदवारच देणार नाही. त्यासाठी उभा राहतो म्हणणाऱ्या अब्दुल मोनीम अबुल फुतूह या स्वतःच्याच मोठ्या नेत्याला काढूनही टाकलं. मग जवळपास निम्म्या जागा जिंकल्यावर 2012 मध्ये उमेदवार दिला. मोहम्मद मोर्सीला पहिल्या फेरीत जेमतेम पाव मतं होती, दुसऱ्या फेरीत 51.7 टक्के, म्हणजे अर्धी मतं उसनी. आणि नोव्हेंबरमध्ये त्याने फर्मान काढलं की माझे निर्णय कोर्टात जाऊ शकत नाहीत. उसन्या मतांचा विसर पडायला पाच महिनेही लागले नाहीत. 3 जुलै 2013 ला लष्कराने हटवलं आणि 14 ऑगस्टला कैरोतल्या रबा चौकात त्याच्या समर्थकांचं जे हत्याकांड झालं त्यात 800 च्या वर माणसं मेली. त्यानंतर ब्रदरहूड मवाळ होती की नव्हती हा प्रश्न बऱ्याच जणांना विचारायलाही लाज वाटते, आणि ते बरोबरच आहे.

पण इजिप्तमध्ये अजून एक पात्र आहे, सलफींची, म्हणजे सुरुवातीच्या काळातला इस्लाम जसाच्या तसा हवा म्हणणाऱ्यांची, नूर पार्टी. इलेक्शन म्हणजेच पाप मानणाऱ्या परंपरेतून आलेले हे लोक 2011 मध्ये उभे राहिले आणि पाव सभागृह घेऊन गेले. लष्कराने मोर्सीला हटवल्याची घोषणा केली तेव्हा नूरचा माणूस त्याच मंचावर होता, कॉप्टांच्या (इजिप्तमधल्या ख्रिश्चनांच्या) पोपसोबत. 2015 ला तर कायद्याने यादीत ख्रिश्चन उमेदवार हवेत म्हटल्यावर यांनी कॉप्ट उभे केले. विचार बदलला का, तर कोणालाच तसं वाटत नाही. वागणं बदललं, कारण जिवंत राहायचं होतं.

अल्जीरिया, थोडक्यात

इथे प्रयोग अर्ध्यावरच थांबवला. इस्लामिक साल्व्हेशन फ्रंटने डिसेंबर 1991 च्या पहिल्याच फेरीत 188 जागा जिंकल्या, जानेवारी 1992 मध्ये लष्कराने दुसरी फेरी रद्द केली, मार्चमध्ये पार्टीवर बंदी, मग जवळपास दशकभर यादवी युद्ध, मेलेल्यांचा अंदाज लाखाच्या पुढे. सिद्धांतवाले म्हणतात, बघा बाहेर ढकललं की काय होतं. विरोधक म्हणतात, पार्टीतला नंबर दोनचा नेता अली बेलहाज लोकशाहीलाच अधर्म म्हणत होता, त्यांना सत्ता दिली असती तर पुढची निवडणूक झालीच नसती. दोघांकडेही पुरावा नाही, कारण ते घडलंच नाही.

भारत, महाराष्ट्र, गोवा

हा सिद्धांत जनसंघ आणि भाजपला लावणारे अभ्यासक बरेच आहेत, क्रिस्तोफ जाफ्रलोने 2013 मध्ये नेमकं यावरच लिहिलंय. भाजपला स्वतःला रॅडिकल किंवा धार्मिक पार्टी हे लेबल मान्य नाही, तो आक्षेप नोंदवूनच पुढे जायला हवं. 1951 ला स्थापन झालेला जनसंघ 1977 मध्ये जनता पार्टीत विलीन झाला, मग एकाच वेळी जनता पार्टी आणि संघ दोन्हीकडे राहता येणार नाही हा दुहेरी सदस्यत्वाचा वाद पुण्याच्या मधु लिमयेंनी लावून धरला आणि त्यातून 6 एप्रिल 1980 ला भाजप निघाला. त्याच वर्षी डिसेंबरात मुंबईत पहिलं अधिवेशन झालं, वाजपेयींच्या नेतृत्वात गांधीवादी समाजवाद स्वीकारला, अगदी पाठ्यपुस्तकातला मवाळपणा, आणि 1984 ला सीट आल्या दोन. मग 1989 मध्ये पालमपूरला राममंदिराचा ठराव, त्या वर्षी 85 जागा, 1991 ला 120. म्हणजे तेच इलेक्शन पार्टीला जहालही करतं. 1998 ला मित्रपक्षांशिवाय सरकार बनत नव्हतं तेव्हा राममंदिर, कलम 370 आणि समान नागरी कायदा हे तिन्ही विषय बाजूला ठेवले, आणि 2014 व 2019 ला स्वतःचं बहुमत आल्यावर 2019 मध्ये 370 गेलं, 22 जानेवारी 2024 ला मंदिरात प्राणप्रतिष्ठा झाली. कोणाला हे वचनपूर्ती वाटेल, कोणाला मुखवटा गळणं, पण दोन्ही वाचनांत मधल्या काळातला संयम आघाडीमुळे होता हे सारखंच राहतं.

आपल्या जवळचं उदाहरण आणखी स्वच्छ आहे. महाराष्ट्रात युती सरकारने 1995 मध्ये केलेलं गोवंश हत्याबंदीचं विधेयक 2015 ला राष्ट्रपतींच्या सहीने लागू झालं. शेजारच्या गोव्यात, जिथे ख्रिश्चन सुमारे पाव लोकसंख्या आहे आणि 2012 मध्ये भाजपच्या 21 आमदारांत कॅथलिकही होते, तिथे 2017 मध्ये मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर विधानसभेत सांगत होते की बीफ कमी पडू देणार नाही, लागलं तर बेळगावहून आणू. पार्टी एकच, मागे संघही तोच, मतदार वेगळे.

आणखी एक धागा मराठवाड्यातून जातो. जमात-ए-इस्लामीचा संस्थापक अबुल आला मौदुदी 1903 मध्ये औरंगाबादला जन्मला (आजचं छत्रपती संभाजीनगर), संघटना त्याने 1941 ला लाहोरला काढली. फाळणीनंतर भारतातल्या जमातने सुरुवातीला सदस्यांना मत द्यायलाच मनाई केली होती, कारण सार्वभौमत्व देवाचं, लोकांचं नाही. पुढे ही बंदी हळूहळू उठली. इथे कोणी सत्तेची लालूच दाखवली नव्हती, अल्पसंख्याक म्हणून जगायचं तर सेक्युलर राज्यच आपली ढाल आहे हे कळलं म्हणून बदल झाला. पाकिस्तानातली तीच जमात मात्र पहिल्यापासून राज्य इस्लामी करायच्या मागे राहिली. 1970 च्या निवडणुकीत तिला 4 जागा मिळाल्या, पण मागण्या रेटत राहिली.

उलटा प्रवाह

पाकिस्तानातूनच सिद्धांताची दुसरी दुखरी बाजू दिसते, ती म्हणजे कडवे मवाळ होण्याऐवजी मवाळच कडव्यांकडे सरकतात. 1974 मध्ये अहमदियांना बिगरमुस्लिम ठरवणारी घटनादुरुस्ती कुठल्या मुल्लाने नाही, भुट्टोच्या सरकारने केली. 2017 मध्ये ईशनिंदेच्या मुद्द्यावर उभ्या राहिलेल्या तहरीक-ए-लब्बैक या पार्टीने इस्लामाबादजवळ फैजाबादला रस्ता अडवला आणि कायदामंत्र्याला राजीनामा द्यावा लागला. पुढच्या वर्षी त्यांना 22 लाखांवर मतं पडली, नॅशनल असेंब्लीत एकही जागा नाही, पण बाकीच्या पार्ट्यांनी काय बोलायचं नाही ते त्यांनी ठरवून टाकलं. इस्रायलमध्ये अरबांना हाकला म्हणणारा कडवा रब्बी मीर कहाने 1984 ला निवडून आला आणि त्याच्या काख पार्टीला 1988 मध्ये निवडणूकबंदी झाली. त्याच परंपरेतला इतामार बेन-ग्वीर याने 2020 च्या निवडणुकीसाठी हेब्रॉनच्या मशिदीत मुसलमानांचं हत्याकांड करणाऱ्या खुन्याचा फोटो घराच्या भिंतीवरून उतरवला, आणि 2022 मध्ये तो राष्ट्रीय सुरक्षेचा मंत्री झाला. फोटो उतरला हा मवाळपणा धरायचा का? हिजबुल्लाह 1992 पासून लेबनॉनच्या निवडणुका लढवते, 2009 च्या जाहीरनाम्यात इस्लामी राज्याचा आग्रहही दिसत नाही, पण बंदुका ठेवूनच. हमासने 2006 ला 132 पैकी 74 जागा जिंकल्या आणि पुढच्याच वर्षी गाझा बंदुकीने ताब्यात घेतलं.

आक्षेप

नेहमीचा आक्षेप म्हणजे खायचे दात वेगळे आणि दाखवायचे वेगळे, यांचं सगळं नाटक आहे. हा आक्षेप खोडताच येत नाही, कारण मनात काय आहे ते तपासायचं यंत्र नाही, आणि मग जे काही करतील ते नाटकच ठरतं. जास्त वजनदार आक्षेप वेगळा आहे: मवाळ ठरवतो कोण? अमेरिकेशी जमवून घेणं, परकीय गुंतवणूक आवडणं याला अनेकदा मवाळपणा म्हटलं जातं, त्याचा बायकांच्या हक्कांशी किंवा अल्पसंख्याकांशी काही संबंध नसतो.

मवाळ झाल्याची किंमतही असते. मोरोक्कोत जस्टिस अँड डेव्हलपमेंट ही इस्लामी पार्टी राजाच्या चौकटीत राहून 2011 ते 2021 सरकारच्या प्रमुखपदी होती, 2016 ला 125 सीट. डिसेंबर 2020 मध्ये तिच्याच पंतप्रधानाने इस्रायलशी संबंध सुरळीत करायच्या कागदावर सही केली, जे पार्टीच्या आयुष्यभराच्या भूमिकेच्या उलट होतं, पण राजाची इच्छा. सप्टेंबर 2021 मध्ये मतदारांनी 13 वर आणून ठेवलं. त्याच वर्षी जुलैमध्ये ट्युनिशियात राष्ट्राध्यक्ष कैस सईदने संसद गोठवली, 2023 मध्ये घन्नूशी जेलमध्ये गेला. मोरोक्कोतली दुसरी मोठी इस्लामी संघटना, अल-अद्ल वल-इहसान, या सगळ्या काळात निवडणुकीपासून लांबच राहिली. तिचे लोक अजूनही उभे राहत नाहीत.